घाटातल्या तीन हाका

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे माझी गोष्ट ऐकताना तुम्ही पराक्रमाची वाट बघत बसणार नाही. भुकूम गावात गोजराबाईच्या गोठ्याच्या पडवीत मी भिंतीला टेकून उभी असते. माझ्या हँडलवर कोंबड्या बसतात. त्यातली एखादी अचानक फडफडली, तरी माझ्या चाकाच्या सगळ्या तारा थरथरतात.

खरं तर माझा सांगाडा फौजेतला. मोठी लढाई संपल्यावर खडकीला मोडक्या सायकलींचा लिलाव झाला. पौडच्या कमरुद्दीनने त्या ढिगातून मला उचललं. पौडच्या बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाकं एकीची, चेन दुसरीची, सीट तिसरीची असं जोडून त्याने मला पुन्हा उभं केलं. घंटा तेवढी कोरी बसवली, पितळेची. ती वाजवून तो म्हणाला, "ही घंटी डोंगराला बी ऐकू जाईल बघा." लोक मला फौजी सायकल म्हणत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत. अंगावर फौजेचा हिरवा रंग आणि आत सशाचं काळीज.

मला भुकूमच्या बहिरूने विकत घेतलं. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून तो रोज पहाटे मला पुण्याला न्यायचा. वाटेत खिंड लागे. समोरून ट्रक आला की माझी पाचावर धारण बसे, आणि बहिरू मात्र वर मान करून गाणं म्हणत असे. बहिरू मोठा हौशी आणि थोडा बढाईखोर. "माझी सायकल वाघाला भीत न्हाई," असं तो चावडीवर सांगायचा. ते ऐकून मला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं. दर अमावस्येला तो मला धुऊन, पुसून, घंटेला खोबरेल तेलाचा थेंब लावायचा. दसऱ्याला झेंडूची माळ घालायचा. तेव्हा मला कुणी जुनी म्हणत नसे.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. एका दुपारी पुण्याकडून दोन सायकली आल्या. एकीवर गोरा पुरुष, दुसरीवर त्याची बायको. दोघं जर्मनीचे होते. बाईच्या सायकलीचं चाक पंक्चर झालं होतं. बहिरूने पंक्चर काढून दिलं, आणि गोजराबाईने दोघांना पिठलं-भाकरी वाढली. गोजराबाई म्हणजे बहिरूची बायको. बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की मागे न हटणारी. जाताना त्या गोऱ्या बाईने पिशवीतून फोटो काढून दाखवले. त्यांच्या मुलखातले रस्ते, रस्त्याला लागून गव्हाची शेतं, नदीकाठचे द्राक्षांचे मळे, आणि प्रत्येक फोटोत त्या दोन सायकली. नवराबायको मिळून गावोगाव हिंडत, कुणाच्याही अंगणात भाकर खात आणि पुढे जात. हे सगळं खाणाखुणांनीच कळलं.

ते गेले. गोजराबाई बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या सीटवर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "अवं, आपून बी जाऊ."

"कुटं?"

"समिंदर बगाया. मी कवा बगितला न्हाई."

मला वाटलं, बहिरू हसून सोडून देईल. पण तो हौशी गडी. मी मनात म्हटलं, झालं, आता माझी हाडं कोकणात जाणार.

आधी गोजराबाई सायकल शिकली, ती खळ्यावर. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून ती माझ्या दांडीवरून पाय टाकायची. पडायची, उठायची, पुन्हा चढायची. गावातले वयस्कर हैबतराव काठी टेकत बघायला आले आणि म्हणाले, "बाया सायकलीवर बसाय लागल्या. आता म्हशी झाडावर चढतील." गोजराबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि त्यांच्याच भोवती एक फेरी मारली. हैबतराव काठी टाकून पळाले. तिला पडण्याची भीती नव्हती. ती सगळी भीती तिने माझ्याकडे ठेवायला दिली असावी.

गौरी-गणपती उरकले. भात निसवायला लागलं होतं, कापणीला वेळ होता. तेवढ्या मोकळ्या दिवसांत निघायचं ठरलं. ताम्हिणीचा घाट उतरून माणगाव, तिथून म्हसळा आणि मग दिवेआगरचा समुद्र. सायकल एकच. म्हणून सपाटीला एकाने चालवायची, दुसऱ्याने कॅरिअरवर बसायचं, आणि चढाला दोघांनी मला ढकलायचं.

निघताना बहिरूची म्हातारी आई, धोंडाबाई, दारात आली. तिने दोघांच्या हातावर दही ठेवलं आणि बोट नाचवून बजावलं, "देवाच्या राईतनं जाताना सायकलीवर बसायचं न्हाई. पायताण हातात घ्यायचं. देवाची झोप मोडायची न्हाई. आन् घाटात रानानं नावानं हाक मारली, तर ओ दिऊ नगा. भूत एक हाक मारतं, लई तर दोन. तिसरी हाक त्याला मारता येत न्हाई. तिसरी आली, तरच ओ द्यायची. तवर हाय तितंच बसून ऱ्हायाचं. पाऊल उचलायचं न्हाई."

बहिरू हसला. पण हाकांचं ते बोलणं त्याने म्हातारीकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. चावडीवरचा हा वाघ भुताच्या नावाने गारठतो, हे घरात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मित्रांनो, आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्या काळी आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असा समज होता. गोजराबाई बहिरूला नुसतं "अवं" म्हणायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडून त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बहिरूनेही नव्हतं.

पौडला कमरुद्दीनने माझे ब्रेक तपासले. "घाटात उतारावर चालवत उतरायचं न्हाई," त्याने बहिरूला दम भरला. "हातात धरून न्यायची. हिचे रबर लई दमलेत." हे ऐकल्यापासून मला प्रत्येक उतारावर माझे रबर गळून पडल्याचा भास होऊ लागला.

मुळशीच्या पुढे रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेने जातो. पाणी काळंशार आणि रस्त्याला अगदी चिकटून. त्या पाण्याखाली गावं आहेत, देवळं आहेत, धोंडाबाईचं माहेरही त्यातच आहे. गोजराबाई पायंडल मारत होती आणि बहिरू मागे बसून तिला बुडालेल्या गावांची नावं सांगत होता. माझं पुढचं चाक त्या पाण्याकडेच ओढ घेतंय असं मला वाटत होतं. एकदा खडीवरून मी घसरले. गोजराबाईने एक पाय टेकून मला सावरलं. "अगं, हळू," बहिरू ओरडला. ती म्हणाली, "मी हळूच हाय. तुमीच हलताय." आणि दोघं हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या पुढे वाघजाईची ती राई लागली. आतला उजेड हिरवा होता आणि पक्षीसुद्धा बोलत नव्हते. दोघं उतरले आणि पायताणं हातात घेतली. दगडावरून जाताना माझी घंटा आपोआप किणकिणू लागली. देवाची झोप मोडेल म्हणून बहिरूने खिशातली चिंधी काढली आणि घंटेच्या वाटीत कोंबून गाठ मारली. मित्रांनो, घंटा हा माझा एकमेव धीर. तोंड बांधून कुणी तुम्हाला अंधारात ढकललं, तर तुम्हाला कसं वाटेल? तसं मला वाटलं. वाघजाईच्या दगडाला दोघांनी पाला वाहिला आणि आम्ही राईतून बाहेर पडलो. बाहेर धुकं आमची वाट बघत उभं होतं.

त्या दिवसांत घाटात डांबरी सडक नव्हती. गाडीवाट सुटली की गवतातून आणि कारवीच्या झुडपांतून पायवाट धरायची. धुकं खालून, कोकणाकडून वर येत होतं. आधी समोरचा डोंगर गेला, मग झाडं गेली, आणि मग मला माझं स्वतःचं पुढचं चाक दिसेना. पायवाटही गवतात बुडाली. एका बाजूला कुठेतरी कडा आहे, एवढं दोघांना ठाऊक होतं. कोणत्या बाजूला, ते कळत नव्हतं.

बहिरू म्हणाला, "तू हितंच थांब, सायकल धरून. मी वाट बगून येतो."

"नगा जाऊ," गोजराबाई म्हणाली. "धुकं सरंल की."

"आगं, हितल्या हितं तर जातोय."

त्याने काठी घेतली आणि दोन ढांगांत तो दिसेनासा झाला. काठीचा आवाज थोडा वेळ येत राहिला. मग तोही थांबला. गोजराबाईचे हात माझ्या मुठींवर होते.

बराच वेळ गेला. "अवं!" तिने हाक दिली. उत्तर नाही. "अवं!" पुन्हा दिली. मग कुठून तरी, फार लांबून, बहिरूचा आवाज आला. "आगं, कुटं हायेस तू?" तो वाट चुकला होता, आणि आता आम्हालाच शोधत होता.

गोजराबाईला एकदम माझी घंटा आठवली. तिने दातांनी ती गाठ तोडली, चिंधी ओढून फेकली आणि अंगठा दाबला. माझा आवाज मोकळा झाला. मी जीव तोडून वाजले. आयुष्यात तशी मी कधी वाजले नव्हते. आणि समोरच्या दरीपलीकडून, पलीकडच्या डोंगराने, माझाच आवाज मला परत दिला. कमरुद्दीनचं बोलणं खरं झालं होतं. डोंगराला ऐकू गेलं होतं.

"आलो, आलो!" बहिरू ओरडला. पण त्याचा आवाज जवळ येण्याऐवजी लांब चालला. मित्रांनो, माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. तो माझ्याकडे येत नव्हता. तो डोंगराकडून येणाऱ्या आवाजाकडे चालला होता, आणि मध्ये दरी होती.

गोजराबाईच्याही ते लक्षात आलं. तिने घंटा सोडली. "अवं, माघारी फिरा!" ती किंचाळली. पण धुक्यात शब्द विरून जात होते, नुसता आवाज उरत होता, आणि तोही डोंगराकडून परतत होता. तेवढ्यात एक दगड घरंगळल्याचा आवाज आला. बहिरूच्या पायाखालचा असणार. दगड निसटला, गवतातून सरकला, आणि मग काहीच नाही. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. आम्ही दोघी वाट बघत राहिलो, तरी आला नाही. इतकी ती दरी खोल होती.

गोजराबाईने माझ्या मुठी इतक्या घट्ट आवळल्या की माझं हँडल करकरलं. पुढे काय करावं, तिला सुचेना. मग तिच्या तोंडून ते निघालं.

"बहिरू!"

नाव घेतल्याबरोबर तिने तोंडावर हात दाबला. जणू तिनेच त्याला ढकललं होतं. डोंगर काहीतरी पुटपुटला आणि गप्प झाला. बहिरूचा आवाज नाही, काठीचा आवाज नाही, पावलाचा आवाज नाही.

"बहिरू!" तिने दुसऱ्यांदा हाक मारली. या वेळी आवाज रडका होता. पुन्हा काहीच नाही. ती मटकन खाली बसली आणि मी तिच्या अंगावर कलंडले. "ग्येले," ती पुटपुटली. "नाव घेतलं आन् ग्येले." ती माझ्या चाकाला मिठी मारून रडत होती, आणि मी तिला काहीच सांगू शकत नव्हते. सायकलीच्या जन्माला आल्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

रडता रडता ती थबकली. सासूचं बोलणं तिला आठवलं असावं. भूत एक हाक मारतं, लई तर दोन. ती माझा आधार घेऊन उठली. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि सगळी छाती भरून घेऊन तिसरी हाक मारली.

"बहिरू!"

आणि धुक्यातून आवाज आला, "ओ!"

माझ्या जिवात जीव आला. गोजराबाई पुन्हा खाली बसली, या वेळी हसत आणि रडत. "बसून ऱ्हावा!" ती ओरडत राहिली. "बसूनच ऱ्हावा! हलू नगा!"

वारा फिरला आणि धुकं पातळ झालं. बहिरू गवतात मांडी घालून बसला होता. डोकीचं पागोटं त्याने मांडीवर घेतलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. त्याच्या गुडघ्यापुढे हातभर गवत होतं. त्यापुढे काही नव्हतं. खाली, फार खाली, कोकणातल्या झाडांचे शेंडे दिसत होते.

गोजराबाईने मला तिथेच टाकलं आणि ती रांगत त्याच्यापाशी गेली. दंडाला धरून तिने त्याला मागे ओढलं. बहिरूच्या ओठांना रंग नव्हता.

"मला वाटलं, भूत हाय," तो म्हणाला. "बाईचा आवाज, आन् माझं नाव. तू कवा माझं नाव घेतलंस? घरची असती तर 'अवं' म्हनली असती. म्हनून मी बसलो."

"आन् मी नाव घेतलं नसतं तर?"

बहिरूने समोरच्या पोकळीकडे पाहिलं. मग त्याने तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला, लहान पोर आईचा घेतं तसा. नवरा बायकोपुढे असा वाकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

बहिरू माघारी फिरायला तयार होता. "चल घरी. समिंदर काय, पळून जात न्हाई." पण गोजराबाईने मला उभं केलं, माझ्या सीटवरचं दव पुसलं आणि म्हणाली, "भ्यायचं तेवढं भिऊन झालं. आता बगूनच जाऊ."

आम्ही गेलो. दिवेआगरच्या ओल्या, टणक वाळूवर गोजराबाईने मला चालवलं. एका बाजूला तो अफाट समुद्र गर्जत होता आणि मी अर्थातच घाबरले होते. पण वाळूत माझ्या चाकाची रेघ लांबपर्यंत उमटत गेली, आणि तिच्यामागून बहिरू धावत, हसत येत होता. खाऱ्या वाऱ्याने तिथेच मला पहिला गंज चढला. त्या गंजाचं मला कधी वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर धोंडाबाईने विचारलं, "रानानं हाक मारली का रं?"

"मारली," बहिरू म्हणाला.

"मग?"

"तिसऱ्या हाकंला ओ दिली."

म्हातारीने हात जोडून वाघजाईला नमस्कार केला. हाक कुणाची होती, ते तिला कुणी सांगितलं नाही. गोजराबाई चुलीपुढे खाली मान घालून बसली होती. ते गुपित आम्हा तिघांतच राहिलं.

पुढे बरीच वर्षं मी दूध वाहिलं. मग रस्त्याने मोटार आली, दूध तिच्यातून जाऊ लागलं. धोंडाबाई गेली. आणि एका हिवाळ्यात बहिरूच्या छातीत ताप शिरला. पुण्याला नेलं, पण तो परत आला नाही. त्यानंतर मला कुणी चालवलं नाही. टायर फाटले, चेन जखडली, कोंबड्यांनी हँडल आपलंसं केलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मला अंधाराची भीती, आणि वाट्याला पडवीतला अंधारा कोपराच आला.

पण मित्रांनो, दिवेलागणीला गोजराबाई गोठ्यात येते. म्हशीला वैरण टाकते आणि कोंबड्या हाकलून माझ्यापाशी उभी राहते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, अगदी हळू, हाक मारते, "बहिरू." मग माझी घंटा एकदा दाबते. पुन्हा म्हणते, "बहिरू." पुन्हा दाबते. त्या दोन हाकांना मी ओ देते. तिसरी हाक ती मारत नाही. एकदा पदराने माझी घंटा पुसता पुसता ती म्हणाली, "नाव घेतलं म्हनून एवढी तरी वर्सं मिळाली. तिसरी तिकडं आल्यावर मारीन."

आता माझ्या मनात एकच भीती उरली आहे. मला भंगारात घालतील याची नाही, मोडून पडण्याचीही नाही. घंटेच्या आत गंज शिरला आहे. कळ अडकते. परवा तिने दोनदा दाबली, तेव्हा मी एकदाच वाजले. ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घराच्या पडवीत कुणीतरी जुनं उभं असेल. ते निरुपयोगी दिसत असेल. पण कुणाच्या तरी हाकेला ओ देण्याचं काम ते अजून करत असेल. त्याची विचारपूस करा. आणि कधी भुकूमवरून जाणं झालंच, तर गोजराबाईच्या गोठ्यात या. टायर नकोत, रंग नको. माझ्या घंटेत खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा. दिवेलागणीच्या आत या.